सोमवल्लीचा शोध

ऋग्वेदाच्या दहा मंडलांपैकीं एक संपूर्ण मंडल, म्हणजे नववें, एका वनस्पतीच्या रसाला वाहिलेलें आहे. त्यांत ११४ सूक्तें आहेत. इंद्राची सूक्तें संख्येनें कितीतरी अधिक, परंतु त्याच्याहि वांट्याला असें स्वतंत्र मंडल आलेलें नाहीं. ही वनस्पति डोंगरांतून येते, दगडांनीं कुटली जाते, तिचा रस लोकरीच्या गाळण्यांतून गाळतात, त्यांत दूध, दहीं किंवा सातूचें पीठ मिसळतात, आणि तो प्राशन केल्यानें देवांना बळ व कवींना वाणी लाभते, एवढें सर्व सूक्तकारांनीं पुनः पुनः सांगितलें आहे. सांगितलें नाहीं तें इतकेंच कीं, ती वनस्पति कोणती. ज्यांच्यापुढें हीं सूक्तें म्हटलीं जात त्यांना ती ठाऊक होती, आणि ओळखीच्या माणसाचें वर्णन घरच्या माणसांजवळ कोणी करीत बसत नाहीं.

हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा असता, तर पंडितांच्या परिषदांबाहेर तो फारसा आला नसता. परंतु आठव्या मंडलांत सोमपानानंतर मृत्यूचें भय गळून पडल्याची भाषा येते, आणि दहाव्या मंडलांतील एका सूक्तांत बोलणाऱ्याला आपला देह द्यावापृथिवीहूनहि विस्तीर्ण झाल्यासारखा भासतो. ही भाषा निव्वळ अलंकार समजावी, कीं कोणा माणसाला खरोखर आलेल्या अनुभवाची ती नोंद समजावी? नोंद समजल्यास तो अनुभव तपाचा, श्रद्धेचा, कीं एका काडींतील रसाचा? वेद अपौरुषेय मानणाऱ्याला हा प्रश्न बोचतो. वेदांना प्राचीन काव्य मानणाऱ्यालाहि तो टाळतां येत नाहीं. पतंजलीला मात्र त्यांत कांहीं विपरीत वाटलेलें दिसत नाहीं. योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या आरंभींच सिद्धींचीं जीं पांच मूळें तो सांगतो, त्यांत जन्माच्या पाठोपाठ औषधीचें नांव आहे, समाधीचें शेवटीं.

सोमाची ओळख तुटली ती आज-काल नव्हे. ब्राह्मणग्रंथ रचले जात होते तेव्हांच ती दुर्मिळ झालेली होती. पूतीक नांवाची वनस्पति सोमाच्या ऐवजीं घ्यावी असें ते ग्रंथ सांगतात. शतपथब्राह्मण तर एकामागून एक प्रतिनिधि सांगत अखेर दूर्वा आणि कुश यांच्यावर येऊन ठेपतें. श्रौतविधींत सोम विकत घेण्याचा एक प्रसंग आहे. विक्रेता बाहेरचा, किंमत गाईची, आणि दोघांमधील घासाघीस अगोदरच शब्दन् शब्द ठरलेली. शेवटीं कांहीं सूत्रांप्रमाणें दिलेली गायहि त्याच्याकडून परत घ्यावयाची. डोंगरांतून माल आणणाऱ्या कोणा परक्या जमातीवर आपण अवलंबून आहों, ही जाणीव त्या विधींत अजून शिल्लक राहिलेली दिसते. सुश्रुतानें तर सोमाचे चोवीस प्रकार वर्णिले आहेत, आणि त्याचीं पंधरा पानें शुक्लपक्षांत रोज एक याप्रमाणें फुटतात व कृष्णपक्षांत तशींच झडतात असें म्हटलें आहे. अशी वनस्पति कोणत्याहि वनस्पतिशास्त्रज्ञाला आजवर भेटलेली नाहीं. सोम आणि चंद्र यांचें नांव एक झालें, त्याचा हा परिणाम.

गेल्या दोन शतकांत या हरवलेल्या वस्तूचा जो शोध चालला, त्यांतील पहिलें धीट पाऊल पुण्यांत पडलें. मार्टिन हौग हा वुर्टेंबर्गमधील जर्मन पंडित १८५९ सालीं पूना कॉलेजांत संस्कृताच्या अध्यापनासाठीं आला. त्याचें वय तेव्हां बत्तीस वर्षांचें होतें. युरोपांतील वेदज्ञ ग्रंथ वाचून यज्ञाविषयीं लिहीत. यज्ञ पाहिलेला त्यांच्यांत कोणी नव्हता. हौगला ऐतरेयब्राह्मणाचें संपादन व भाषांतर करावयाचें होतें, आणि त्या ग्रंथाचें पानन् पान सोमयागांतील क्रियांनीं भरलेलें. क्रिया पाहिल्यावांचून शब्दांचा अर्थ लावणें म्हणजे अंधारांत चांचपडणें होय, हें त्यानें ओळखलें. अनेक प्रयत्नांनंतर त्याला एक श्रौती भेटला. दर्शपूर्णमासासारख्या इष्टि त्यानें स्वतः केलेल्या होत्या, आणि सोमयागांतहि त्यानें ऋत्विजाचें काम केलेलें होतें. १८६२ च्या सुमारास हौगच्या आवारांतील एका आडबाजूच्या जागीं या गृहस्थानें त्याला मुख्य मुख्य विधि प्रत्यक्ष करून दाखविले. सुमारें पांच दिवस हें चाललें. हौग प्रत्येक हालचाल टिपून घेई आणि समजलें नाहीं तेथें विचारी.

त्या श्रौत्याचें धैर्य विसरण्यासारखें नाहीं. परद्वीपस्थाच्या आवारांत, त्याच्या देखत श्रौतकर्म करणें ही त्या काळच्या पुण्यांत साधी गोष्ट नव्हती. जागा आडबाजूची निवडली यांतच सर्व आलें. हौगच्या ग्रंथाची कीर्ति जर्मनीपर्यंत गेली, पण ज्याच्या हातांच्या हालचालींवर तो ग्रंथ उभा राहिला त्याची आठवण आज कोणी काढीत नाहीं.

हौगनें सोमरस चाखला. एकदां नव्हे, अनेकदां. १८६३ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालेल्या ऐतरेयब्राह्मणाच्या आपल्या आवृत्तींत त्यानें त्याची जी हकीकत दिली आहे ती वाचण्यासारखी आहे. रस पांढुरका, अतिशय तुरट व कडवट, पण आंबट नव्हे. पेय म्हणून अगदीं किळसवाणें. थोडा कैफ आणणारें. आणि दोन-चार चमच्यांहून अधिक घशाखालीं उतरणें त्याला अशक्य झालें. वनस्पतीचें वर्णनहि त्यानें दिलें. पुण्याच्या आसपासच्या टेंकड्यांवर चार-पांच फूट उंचीचें हें झुडूप वाढतें, एका मुळांतून अनेक कोंब निघतात, साल करडी, पानें नाहींत. हा वेदांतला सोम नव्हे, फार तर त्याच्या जातीचा असावा, असेंहि त्यानें स्पष्ट लिहिलें. ज्या रसाचा एक घोट घेतां तोंड वांकडें होतें, त्याच्यावर ११४ सूक्तें कोण रचील?

ही वनस्पति ओळखणें कठीण नाहीं. मराठींत तिला सोमवल्ली म्हणतात, रानशेर असेंहि नांव आहे. ती रुईच्या कुळांतली. दख्खनच्या कोरड्या, खडकाळ जागीं ती आढळते. कांडी मोडली कीं रुईसारखाच चीक येतो. दक्षिणेंतील याज्ञिक पिढ्यान् पिढ्या हीच वापरीत आले. कृष्णाकांठीं वाई, माहुली, उंब्रजवरून खालीं कऱ्हाडपर्यंत जावें, तर या तीरावर वेदपठणाची परंपरा जुनी. त्याच जिल्ह्यांत औंधला पंडित सातवळेकरांच्या स्वाध्यायमंडळानें संहिता शुद्ध छापून घरोघर पोंचविल्या. या परंपरेनें मंत्रांतील एक स्वर हलूं दिला नाहीं. आहुति कोणत्या हातानें, पात्र कोणत्या दिशेला, सारें जपलें. आणि ज्या पदार्थाभोंवतीं हें सारें गुंफलेलें, तोच पदार्थ बदलून गेला. स्मरणशक्तीचा एवढा मोठा विजय आणि एवढा मोठा पराजय एकाच ठिकाणीं क्वचितच पाहावयास मिळेल.

हौगनें आणखी एक दार उघडलें. पारशांच्या धर्मग्रंथांचाहि तो अभ्यासक होता आणि १८६२ सालीं त्या विषयावरचे त्याचे निबंध प्रसिद्ध झाले. यज्ञ आणि यस्न, होता आणि झओता, सोम आणि हओम, हीं जोडनांवें त्यानें शेजारीं शेजारीं मांडलीं. मुंबईच्या अग्यारींत हओमाच्या काड्या धातूच्या खलांत डाळिंबाच्या काडीबरोबर कुटून त्यांचा रस काढतात, आणि या काड्या इराणांतून वाळवून आणीत. म्हणजे ब्राह्मणाच्या सोमाची एक बहीण मुंबईंतच नांदत होती, आणि ती रानशेर नव्हती. तिचें शास्त्रीय नांव एफेड्रा. १८८४-८५ सालीं अफगाणिस्तानची सरहद्द आंखण्यासाठीं जें कमिशन गेलें, त्याच्याबरोबर एचिसन नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. रोथ आणि माक्स म्युल्लर यांच्यासारखे पंडित त्या सुमारास सोम कोठें उगवत असेल याची चर्चा हिरिरीनें करीत होते. एचिसनला हरिरूद नदीच्या खोऱ्यांत एफेड्राचें झुडूप आढळलें, आणि तेथील लोक त्याला हुम, हुमा अशा नांवांनीं ओळखीत. भाषाशास्त्राच्या दृष्टीनें हा पुरावा फार बोलका होता.

याच सुमारास, १८८५ मध्यें, जपानी रसायनज्ञ नागाई यानें एफेड्रांतून एफेड्रिन हें द्रव्य वेगळें केलें. चेन आणि श्मिट यांनीं १९२४ सालीं त्याचे गुणधर्म तपासल्यावर दम्याचें औषध म्हणून तें जगभर गेलें. तें नाडी जलद करतें, रक्तदाब वाढवतें, झोंप उडवतें. परंतु त्यानें कोणाला स्वर्ग दिसत नाहीं. येथें शोधाचे दोन फांटे झाले. नांव आणि परंपरा एफेड्राकडे बोट दाखवीत होतीं, आणि सूक्तांतील उन्मेष दुसऱ्या कशाची तरी मागणी करीत होता.

भांगेचें नांव या जागीं सुचणें साहजिक होतें, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कांहीं बंगाली विद्वानांनीं तें सुचविलेंहि. भांगेविषयीं लिहिणाऱ्यांची परंपरा आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. गोव्यांत वैद्यकी करणारा पोर्तुगीज गार्सिया द ओर्ता यानें १५६३ सालीं तेथेंच छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत भांग आणि धोतरा या दोहोंवर प्रकरणें लिहिलीं. सरकारी चौकशी झाली ती १८९३-९४ सालीं. त्या कमिशननें ११९३ साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांत १८९२ सालीं दाखल झालेल्या ज्या २२२ रोग्यांच्या वेडाचें कारण गांजाभांग म्हणून नोंदलें होतें, त्यांची एकेकाची फेरतपासणी करतां निम्म्याहून अधिक नोंदी टिकल्या नाहींत. पोलिसानें कागदावर सोईचें कारण लिहून दिलें, डॉक्टरानें तें उतरून घेतलें, असा प्रकार उघडकीस आला. त्याच अहवालाला जेम्स कॅम्बेल यांचें भांगेच्या धार्मिक महत्त्वावरील टिपण जोडलेलें आहे. साताऱ्याचें १८८५ सालचें गॅझेटियर ज्यांच्या संपादकत्वाखालीं निघालें तेच हे कॅम्बेल. इतकें असूनहि सोम म्हणजे भांग हें मत टिकलें नाहीं. भांगेला वेदांत तिचें स्वतःचें नांव आहे, आणि ती पानांची वनस्पति आहे; सूक्तकार मात्र काड्यांविषयीं बोलतात, पानांविषयीं नव्हे.

यानंतरचें प्रकरण स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं घडलें. तेथील सांडोझ कंपनींत आल्बर्ट होफमन हा रसायनज्ञ राय धान्यावर पडणाऱ्या अर्गट नांवाच्या बुरशीवर काम करीत होता. १९३८ सालीं त्यानें तयार केलेल्या एका द्रव्याचा गुण १९४३ च्या एप्रिलांत त्याच्या अकस्मात् लक्षांत आला. तीन दिवसांनीं त्यानें बुद्धिपुरस्सर एका ग्रॅमचा चार-हजारावा भाग घेतला, आणि सायकलवरून घरीं पोंचेपर्यंत त्याचें सारें जग रूप पालटून बसलें. हेंच एल. एस. डी. इतकें अल्प द्रव्य मनाची एवढी उलथापालथ करूं शकतें, हें पूर्वीं कोणाला खरें वाटलें नसतें. तें कसें घडतें याचा एक धागा मुंबईंतून जातो. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेच्या मुळ्यांचा रक्तदाबावरील उपयोग एका इंग्रजी वैद्यकीय मासिकांत सप्रमाण मांडला. पुढें १९५२ सालीं त्या मुळांतून रेसर्पिन वेगळें केलें गेलें, आणि १९५५ सालीं तें मेंदूंतील सेरोटोनिनचा साठा रिकामा करतें असें दिसून आलें. एल. एस. डी. चें रासायनिक रूपहि या सेरोटोनिनशींच मिळतें जुळतें. मेंदू स्वतःच कांहीं द्रव्यें निर्माण करतो आणि वनस्पतींतील द्रव्यें त्यांच्याच कुलुपांना किल्ली लावतात, ही कल्पना त्या वर्षांत दृढ झाली.

अशा वातावरणांत रॉबर्ट गॉर्डन वॅसन सोमाकडे वळला. तो धंद्यानें न्यूयॉर्कमधील पेढीवाला, छंद अळिंबींचा. १९५५ सालीं मेक्सिकोंतील एका इंडियन उपासिकेच्या रात्रीच्या पूजेंत त्यानें अळिंबीचा प्रसाद घेतला, आणि त्या अळिंबींतील द्रव्य होफमननें १९५८ सालीं वेगळें काढलें. १९६८ च्या आपल्या ग्रंथांत वॅसननें असें प्रतिपादन केलें कीं, सोम म्हणजे भूर्ज व देवदार यांच्याखालीं उगवणारी, लाल छत्रीची व पांढऱ्या ठिपक्यांची अळिंबी होय. सोमाच्या मुळांचा, पानांचा, फुलांचा उल्लेख सूक्तांत नाहीं. अळिंबीलाहि तीं नसतात. सोमाचा वर्ण तेजस्वी सांगितला आहे. तो डोंगरांतच होतो. आर्य मैदानांत उतरले आणि अळिंबी मागें राहिली, म्हणून प्रतिनिधि आले. ही उपपत्ति मोठी मोहक आहे, आणि हार्वर्डच्या इंगाल्स यांच्यासारख्या संस्कृतज्ञालाहि तिनें बरेंच वळवून घेतलें.

तरी तिच्यांत एक खोट राहिली, आणि ती स्वतः वॅसननेंच प्रामाणिकपणें नोंदली. १९६५ व १९६६ सालीं जपानांत त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं ही अळिंबी खाऊन पाहिली. मळमळ झाली, कोणी ओकले, कोणी झोंपीं गेले; एका जपानी सोबत्यालाच काय तो आनंदाचा उमाळा आला. पुण्यास हौगला जो अनुभव आला त्याच्याहून हा फार निराळा नव्हे. केंब्रिजच्या जॉन ब्रॉ यांनीं १९७१ सालीं वॅसनवर टीका केली ती अधिक मूलगामी होती. वाटेल तशी दाबली तरी पिळून निघणाऱ्या मऊ अळिंबीला दगडांनीं कुटण्याचा एवढा खटाटोप कशाला? आणि लढाईला निघालेल्या इंद्रानें जे प्यावें तें झोंप आणणारें कसें असेल? हाच धागा हॅरी फाल्क यांनीं १९८९ सालीं पुढें नेला. सोमयागांतील रात्रभर चालणाऱ्या जागराकडे त्यांनीं लक्ष वेधलें, आणि सूक्तांत दृष्टिभ्रमाचें वर्णन मुळीं नाहींच, आहे तें जागेपणाचें व उत्साहाचें, असा निष्कर्ष काढला. त्याच वर्षीं फ्लॅटरी व श्वार्ट्‌झ या अमेरिकन विद्वानांनीं हरमल पुढें आणला, कारण त्याच्या बियांतील द्रव्य खरोखरच स्वप्नवत् दृश्यें दाखवितें.

या वादांत एक गोष्ट डोळ्यांआड होत गेली. जो तो आपल्या काळाला हवा असलेला सोम शोधीत होता. ऑल्डस हक्स्ले यानें १९३२ च्या आपल्या कादंबरींत लोकांना गप्प ठेवणाऱ्या सरकारी गोळीला सोम हें नांव दिलें. तोच हक्स्ले १९५३ सालीं मेस्कॅलिन घेऊन त्याचें गुणगान लिहूं लागला. अमेरिकेंत अळिंबीची लाट आली तेव्हां वेदांतहि अळिंबी दिसूं लागली. औषधीवांचूनच्या मार्गाचें शास्त्रीय निरीक्षण मात्र महाराष्ट्रांत त्याच्या पुष्कळ आधीं सुरूं झालें होतें. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रियांना क्ष-किरणांपुढें उभें केलें. १९५७ च्या सुमारास वेंगर व बागची हे संशोधक आपलीं यंत्रें घेऊन योग्यांच्या तपासणीसाठीं लोणावळ्यालाहि येऊन गेले. हृदय थांबविल्याचा दावा करणाऱ्यांची नाडी हाताला लागेनाशी होई, पण यंत्रावरची हृदयाची रेघ चालूच राही. पतंजलीच्या यादींतील दुसऱ्या आणि पांचव्या मूळाची अशी वेगवेगळी परीक्षा झाली. दोहोंची तुलना करण्याइतका पुरावा कोणत्याच बाजूला जमला नाहीं.

पुण्याच्या चिं. ग. काशीकरांनीं हा प्रश्न हातीं घेतला तो याज्ञिकांच्या बाजूनें. वैदिक संशोधन मंडळांतील श्रौतकोशाच्या कामांत त्यांचें आयुष्य गेलेलें. कोणत्या सूत्रांत सोमाच्या काडीविषयीं काय म्हटलें आहे हें त्यांना ग्रंथ न उघडतां सांगतां आलें असतें. १९९० सालीं टिळक महाराष्ट्र विद्यापीठानें त्यांचें सोमाच्या ओळखीवरचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत त्यांनीं कौल दिला तो एफेड्राला. वॅसनच्या ग्रंथाचा जितका गाजावाजा झाला त्याच्या शतांशहि या पुस्तकाचा झाला नाहीं. परंतु कुटणें, भिजविणें, गाळणें या क्रिया ज्या वनस्पतीला लागू पडत नाहींत ती सोम असूं शकत नाहीं, ही साधी कसोटी अनेक मोठ्या ग्रंथांतून निसटलेली होती.

तेवढ्यांत तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटांतून बातमी आली. व्हिक्टर सारियानिदी या रशियन उत्खननकारानें गोनूर व तोगोलोक येथें मंदिरें सांपडल्याचें जाहीर केलें, आणि तेथील भांड्यांत एफेड्रा, अफू व भांग यांचे अवशेष असल्याचें सांगितलें. वैदिक आणि इराणी आर्यांच्या समाईक पेयाचा प्रत्यक्ष गाळ मिळाला असें अनेकांना वाटलें. १९९९ सालीं हॉलंडांतील लायडन येथें सोमावर परिषद भरली, तिच्या निमित्तानें या गाळाचे नमुने तेथील तज्ज्ञांकडे देण्यांत आले. २००३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. एफेड्रा नव्हता, अफू नव्हती, भांगहि नव्हती. होतें तें वरीच्या जातीचें धान्य.

केरळांत पांजाळ येथें १९७५ च्या एप्रिलांत नंबुद्रींनीं बारा दिवसांचें अग्निचयन केलें, तें फ्रिट्स स्टाल यांनीं चित्रपटांत टिपून ठेवलें आहे. त्यांतहि पानें नसलेली चिकाची वेलच दगडांखालीं कुटली गेली. प्रतिनिधि घेण्यास ब्राह्मणग्रंथांनींच अनुज्ञा दिलेली असल्यामुळें ऋत्विजांना त्यांत कांहीं उणें वाटलें नाहीं. सोमविक्रयीशीं ठरलेली घासाघीसहि त्यांनीं पूर्वींच्याच शब्दांत केली.